घोड्यावरचं क्लॅरिनेट

...आणि वर मलाच म्हणतात, 'अभिमनभाऊ, तुमचं काय बुवा, तुम्ही बँडवाले, तुमचं तरुणपण मजेत गेलं!' मजेत? अहो, मजेत? तुम्हाला सांगतो, ज्याने हौशी बँडात क्लॅरिनेट वाजवलंय ना, त्याच्यापुढे मजा हा शब्द काढू नये! पगारी बँडाचं वेगळं असतं, तिथे एक आजारी पडला तर मालक दुसरा उभा करतो. आमचं तसं नाही. हौशी बँडात एक माणूस नेहमी कमी असतो. नेहमी! तालमीला कमी, मिरवणुकीला कमी, आणि जो हजर असतो ना, त्याच्या नरड्याला त्या कमी माणसाचा फास!

आता आमचा बँड म्हणजे कोण कोण, ते ऐका. धुळ्याला मी जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तोलाईवर होतो. हंगाम संपला की कापसाचं गोडाऊन रिकामं, त्यात आमची तालीम. कॅप्टन रुपचंद. कापडवाल्या भिकमचंद शेठचा मुलगा, गोरा, गोल, सदा हसतमुख. कॅप्टन का? तर मोठा ढोल त्याचा, म्हणून! ज्याचा ढोल तो कॅप्टन, दुसरी परीक्षाच नाही. मग भटू. हा वाजवायचा भोंगा, ते अंगाभोवती वेटोळं घालतं ते पितळी धूड, आणि भटू स्वतः असा काटकुळा की लांबून बघणाऱ्याला वाटावं, भोंगाच चालत येतोय. तिसरा उखर्डू, झांजवाला. हा झांज मारताना डोळे मिटायचा, घाबरून! स्वतःच मारतोय, स्वतःच घाबरतोय! आणि डोळे उघडेपर्यंत पुढची झांज मारायची वेळ निघून गेलेली.

आणि चाल? गाण्याची चाल कोण वाजवणार? कॉर्नेटवाला, म्हणजे आखूड तुतारीवाला, होता आमच्यात एक, झकास वाजवायचा, तो भुसावळला रेल्वेत चिकटला. दुसरा धरून आणला, त्याच्या आजीने सांगितलं, फुंकून फुंकून पोराची छाती फुटेल. गेला तोही. उरलो मी! म्हणजे बघा, ढोलाला चाल नाही, झांजेला चाल नाही, भोंगा म्हणजे नुसतं भों-भों, आणि अख्खं गाणं कुणाच्या ओठांवर? माझ्या! आणि माझ्या ओठांवर म्हणजे कशावर? तर त्या बोरूच्या पातळ पत्तीवर, क्लॅरिनेटच्या तोंडाशी असते ती. ती फाटली की संपलं! झोपेतसुद्धा मी जिभेने चाचपायचो हो, पत्ती आहे ना, पत्ती आहे ना...

एकदा गणपतीत मला ताप भरला. म्हटलं, आज नको. रुपचंद म्हणाला, 'तू फिकर मत कर, आम्ही सांभाळतो.' गेले माझ्यावाचून. ढम ढम, भों भों, झ्यांग! आणि पुढच्या गल्लीतले लोक बादल्या घेऊन धावले. त्यांना वाटलं, कुठे आग लागली म्हणून दवंडी चाललीय! तेव्हापासून मी ठरवलं, मरेन पण ताप येऊ देणार नाही. हौशी बँडात एक माणूस नेहमी कमी असतो, पण तो मी असता कामा नये!

तर अशात माझं लग्न ठरवायला घेतलं. पारोळ्याची मुलगी. कमल. तिचे वडील धनसिंग आबा, मोठे शेतकरी, मिशा अशा की बोलायच्या आधी त्या हलायच्या. माझे वडील, नाना, मला घेऊन पारोळ्याला गेले. बसलो. पाणी झालं, सुपारी झाली. आबांनी विचारलं, पोरगा काय करतो? नाना म्हणाले, जिनात आहे, तोलाईवर. 'आणि सांजले?' म्हणाले आबा. संध्याकाळी काय करतो! नानांनी आणखी एक सुपारी तोंडात टाकली. मिशा हलल्या. 'माले बठ्ठं माहीत शे! लोकेसनी वरातपुढे गाल फुगाडीसन चालस तो! मनी आंडेर मी बाजावालाले नही देवाव!'

मुलगी बाजावाल्याला देणार नाही म्हणे! बाजावाला! अहो, मी फुकट वाजवत होतो, हौस म्हणून! पण त्यांना कोण सांगणार? बैठकीतले सगळे माझ्या गालांकडे बघायला लागले. मी गाल आत ओढून बसलो. नाना म्हणाले, 'आबा, लग्नानंतर सोडेलच तो...' 'लगीननंतर कसाले? आज! आते!' आणि समोरच्या नारळावर नानांचा हात ठेवला, शपथ घ्यायला लावली, आजपासून पोरगा बाजाला शिवणार नाही. हात नानांचा, नारळ आबांचा, आणि क्लॅरिनेट माझं! मला कुणी विचारलं? तोंड उघडणार, एवढ्यात आतून ती आली, पाण्याचा तांब्या घेऊन. पदर सावरताना तिने एकदाच वर पाहिलं, माझे ते आत ओढलेले गाल बघितले, आणि हसू दाबायला ओठ चावला.

झालं. मी तोंड मिटलं.

धुळ्याला आलो आणि क्लॅरिनेट रुपचंदच्या हातात दिलं, म्हटलं, ठेव तुझ्याकडे. तो ढोलावर डोकं टेकून रडला. भटू म्हणाला, 'मग आता चाल कोण वाजवणार?' मला तर रात्री जेवण गेलं नाही, पण डोळ्यांपुढे तो चावलेला ओठ आला की पुन्हा बरं वाटायचं, मग पुन्हा वाईट, मग पुन्हा बरं... लग्नापर्यंत माझं हेच चाललं होतं.

लग्न ऐन वैशाखात, गोरज मुहूर्त. आमचं वऱ्हाड काही मोटारीने, काही बैलगाड्यांनी पारोळ्याला पोचलं. आणि आबांनी बँड ठरवला होता, जळगावचा! पगारी, टोप्यांना तुरे असलेला! आबांना बाजावाला जावई नको, पण बाजा पाहिजे, आणि तो जळगावचाच पाहिजे. कारण समोरच्याच आळीत झुंबरलाल शेठच्या मुलीचं लग्न, त्याच दिवशी, त्याच मुहूर्तावर, आणि शेठने बँड आणलेला, तो सकाळपासून दारात वाजत होता. आबांचा जीव नुसता वरखाली. मोटार यायची वेळ झाली तसे स्वतः जाऊन उभे राहिले. मोटार आली. आतून उतरलं कोण? एक म्हातारा आणि त्याच्या दोन शेळ्या! बँडवाले कुठेयत? तर निरोप आला, ते मेहरूणला एका लग्नात अडकले, दाट तिथी आहे, येणं होत नाही.

मी जानवशात बसलो होतो, हळदीने पिवळा, डोक्यावर फेटा. आणि मला ऐकू आलं... ढम! एकच. पण तो ढोल मी ओळखला हो! आईने पोराचं रडणं ओळखावं तसा ओळखला! बाहेर धावलो तर काय, आमच्याच वऱ्हाडाच्या गाडीतून रुपचंद कडबा बाजूला सारतोय आणि कडब्याखालून काय निघतंय? ढोल! भोंगा! झांजा! 'अरे हे काय?' म्हटलं. रुपचंद हसतोय, 'अरे दोस्ताची शादी, आणि आपण नुसतं जेवून जायचं? आबांना सांगून आलो मी, फिकर मत करो, आपला बँड हजर है!' म्हटलं, 'आणि आबा काय म्हणाले?' 'हो म्हणाले! हात जोडले त्यांनी!' 'अरे पण रुपचंदा, चाल कोण वाजवणार?' रुपचंदने एकदा आभाळाकडे पाहिलं. भटूने भोंग्यात पाहिलं. उखर्डूने डोळेच मिटले! 'जमेल रे,' म्हणाला रुपचंद.

जमेल! तुम्हाला सांगतो, हौशी बँडात एक माणूस नेहमी कमी असतो, हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी तो माणूस बाशिंग बांधून घोड्यावर बसणार होता!

तेवढ्यात आबा स्वतः आले. मिशा आधी हलल्या. 'तुमना दोस्त वाजाडतीन, वाजाडू द्या. पण नवरदेवनी बाजाले हात लावाना नही! नारळ ध्यानमा शे ना?' म्हटलं, आहे आबा. नाना मागून म्हणाले, आहे आबा. आता बोला!

मारुतीला गेलो, नारळ फोडला, पाया पडलो. मागितलं काय मी मारुतीकडे? संसार? पोरंबाळं? छे हो! म्हटलं, देवा, आज एक दिवस रुपचंदच्या ढोलातून चाल निघू दे! मग घोडीवर चढवलं मला. घोडीवाला अभिमानाने सांगतोय, 'नवरदेव, घाबरू नका, घोडी हुशार शे, बाजा आयकी का मस्त नाचस.' म्हटलं, नाचते? 'हां, चाल आयकू येवाले पाहिजे फक्त.' मी मनात म्हटलं, मग नाही नाचत, निश्चिंत राहा.

वरात निघाली. ढम ढम! भों! पहिल्या फुंकीला भटूच्या भोंग्यातून कडबा उडाला, तो पुढच्या वऱ्हाडणींच्या पदरावर. झ्यांग! ढम ढम! भों! अहो, काय ते वाजणं! गल्लीतली कुत्री उठून चालती झाली. पोरं मागे मागे, 'ढम ढम भों! ढम ढम भों!' बाया दारात येऊन आधी बघायच्या, मग पदर तोंडाला लावायच्या. आणि एक म्हातारा ओट्यावरून ओरडला, 'धनसिंगना जावाईनी वरात शे, का हल्या इकाले चालना?' जावयाची वरात आहे की रेडा विकायला चाललाय! अख्खी गल्ली हसली. मी मुंडावळ्यांच्या आड तोंड लपवलं, पण लपवून लपवणार किती? मुंडावळ्या त्या, पडदा थोडाच आहे!

आणि चौकात आलो तर समोरून... झुंबरलाल शेठची वरात! त्यांचा बँड! लाल डगले, पितळ असं घासलेलं की डोळे दिपावेत, आणि अशी एक गोड चाल वाजवत आले की काय सांगू, माझी बोटंच हलायला लागली लगामावर. दोन वराती तोंडाशी तोंड. कोणी आधी जायचं? आता रीतच अशी, ज्याचा बाजा जोरात त्याला वाट. आमच्याकडून रुपचंदने जिवाच्या आकांताने ढोल बडवला. ढम! त्यांच्या मास्तरने कॉर्नेट खाली घेतलं आणि हसून विचारलं, 'काय हो, तुमचं गाणं मागच्या गाडीत राहिलं का?'

हसू! असं हसू फुटलं त्या चौकात! आणि मी आबांकडे पाहिलं. तो माणूस, तो एवढा मोठा मिशाळ माणूस, फेट्याचा शेव हातात घेऊन उभा होता आणि तोंड पुसत होता, आणि तोंडाला घाम नव्हता हो, डोळ्यांना होता. अख्ख्या पारोळ्यात ज्याच्यापुढे कुणी मान वर करत नाही, त्याच्या मुलीच्या वरातीला गाव हसत होतं. मला वाटलं, खाली उतरावं आणि त्यांच्या पाया पडावं. पण उतरणार कसा? नवरदेवाला खाली उतरता येत नाही.

तर आबाच आले. गर्दी सारत आले, माझ्या रिकिबीला धरलं, आणि इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं. 'जावाईबापू...' म्हणाले, 'वाजाडा.'

मी म्हटलं, 'आबा?'

'वाजाडा! बठ्ठा पारोळा हासी राहिना!'

'पण आबा, नानांनी नारळावर...'

'नारळ मना व्हता, शपथ मनी व्हती, मीच मोडस! वाजाडा हो, हात जोडस तुमले!'

आणि भटूने, त्या काटकुळ्या भटूने, कमरेच्या शेल्यातून, रुपचंदकडे ठेवलेलं माझं क्लॅरिनेट काढलं. बरोबर आणलं होतं गाढवाने! पत्तीसकट! मी हातात घेतलं, तोंडाला लावलं, मुंडावळ्या आल्या तोंडात, त्या थुंकल्या, पुन्हा लावलं... पत्ती कोरडी ठणठणीत, किती दिवसांची! जिभेने ओली करतोय, करतोय, सगळा चौक थांबलेला, आणि आता फुंकतो म्हणतो तर फुंकर कुठेय? छातीत आहे, वर येत नाही! डोळे मिटले मी, उखर्डूसारखे, आणि फुंकलं.

निघाला सूर! तुम्हाला सांगतो, असा निघाला की मीच दचकलो! मग बोटं आपोआप धावायला लागली, मागे रुपचंदचा ढोल असा बसला, असा बसला, जसा आयुष्यात कधी बसला नव्हता, भटूचा भोंगा बरोबर जागेवर, उखर्डूने डोळे उघडे ठेवून झांज मारली, आणि... घोडी नाचायला लागली!

हुशार ना ती! चाल ऐकू आली ना! पुढचे दोन पाय वर, मग मागचे, मग गोल! आता माझे दोन्ही हात क्लॅरिनेटवर, लगाम कुणाकडे? कुणाकडेच नाही! गुडघ्यांनी घोडी आवळतोय, ओठांनी पत्ती आवळतोय, थांबावं तर गाव पुन्हा हसणार, थांबू नये तर मी पडणार! सासऱ्याच्या गावात नवरदेव पाठीवर पडला तर? लोक टाळ्या वाजवतायत, पैसे... नाही, फुलं उधळतायत, 'वा नवरदेव! वा नवरदेव!' आणि माझ्या मनात एकच, उतरवा हो मला, कुणीतरी उतरवा! आणि तो लाल डगल्यातला मास्तर, त्याने काय करावं? त्याने टोपी काढली, आपल्या बँडाला हाताने बाजूला केलं, आणि आम्हाला वाट दिली. वर झुंबरलाल शेठ आबांना म्हणतात, 'जावाई भारी शोधला बरं का, धनसिंगभाऊ!' आबांच्या मिशा अशा वर गेल्या!

आता वाट मिळाली, पण घोडी पुढे जाईना. तिला नाचायचं! भटजी मांडवातून धावत आले, 'अहो मुहूर्त टळतोय! बंद करा!' बंद केलं तर घोडी अडून उभी. वाजवलं तर जागेवर नाचते. शेवटी आबांनी आणि नानांनी, दोघा व्याह्यांनी, दोन्ही बाजूंनी लगाम धरला आणि ओढत ओढत मला मांडवापर्यंत नेलं, आणि मी वर बसून वाजवतोय!

मांडवात मी क्लॅरिनेट शेल्यात खुपसलं. म्हटलं, सुटलो. अंतरपाट धरला. पलीकडे ती. मंगलाष्टकं झाली, सूर्य टेकला, भटजींचं शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, मी हार उचलला आणि सगळा मांडव गरजला, 'वाजवा रे वाजवा!'

ढम! भों! झ्यांग! आणि... शांत.

अहो, चाल! चाल कोण वाजवणार! रुपचंद माझ्याकडे बघतोय. भटू माझ्याकडे बघतोय. आबा बघतायत. हौशी बँडात एक माणूस नेहमी कमी असतो, आणि तो बोहल्यावर हार घेऊन उभा! कमल हात वर करून थांबलीय, तिच्या हातात हार, अक्षता केसांत. तिची फुई, म्हणजे आत्या, ताईबाई, मागून तिला ढोसतेय, 'टाक वं माय, हार टाक!' पण टाकणार कशी? मी हार मनगटात अडकवला, क्लॅरिनेट काढलं आणि वाजवायला लागलो! अख्खं कडवं! मधे थांबता येत नाही, मधे थांबलं तर अपशकुन, असं कुणीतरी ओरडलं. मी वाजवतोय, ती हात वर धरून उभी, तिचे दंड कापायला लागले. माझी नजर तिच्याकडे. मला वाटलं, आता ही रडते. आता ही वडिलांकडे बघते. आता हे लग्न... काय सांगू, त्या एका कडव्यात मी दहा वर्षांनी म्हातारा झालो हो!

आणि तिने काय केलं? एक पाऊल पुढे आली आणि हार टाकला. माझ्या गळ्यात, क्लॅरिनेटच्या वरून, सगळ्यासकट! फुलं नळीत गेली, सूर बंद, आणि अख्खा मांडव हसला. तीही हसली. ओठ न चावता, मोकळी हसली. तेवढं मात्र... तेवढं मला अजून दिसतं.

झालं लग्न. आता तुम्ही म्हणाल, मग गोडच झालं की सगळं! ऐका पुढे. आबांना भाऊ पाच. आबांची मुलं, पुतणे, पुतण्या, भाचे, फुईच्या नाती... पारोळा, दोंडाईचा, अमळनेर, सगळीकडे पसरलेलं गोत. आणि त्या दिवसापासून आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं, 'बँड कसाले ठरावता? मना जावाई शे ना!' गेली पंधरा-सोळा वर्षं हेच! रुपचंद दुकानात अडकला, भटू शेतीत, उखर्डूला गुडघेदुखी. म्हणजे आता एक नव्हे, सगळेच कमी, आणि मी एकटा! दुसऱ्यांचे जावई बघा, पाट, रांगोळी, वरण-बट्टीवर तूप वाढताना आग्रह, 'अजून एक बट्टी घ्या हो जावाईबापू!' आणि मी? मी उन्हात उभा, वरातीपुढे, गाल फुगवून!

परवा धाकट्या मेव्हण्याचं लग्न झालं. आता हे रेशनचे दिवस, पंगतीला माणसं मोजून बसवतात. मला घेतलंच नाही मोजणीत! म्हटलं, का हो? तर वाढपी म्हणतो, वाजंत्र्यांची पंगत शेवटी. पंगती उठल्या, वरण संपलं, आणि कमल आली, हातात एक बट्टी, नुसती, कोरडी. मला वाटलं, आता तरी बसा म्हणेल.

म्हणाली, 'खिसामा घाला. वरात निंघनी.'

घातली. काय करणार?